दुपारची वीज रात्रीला पुरेल का?

जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं की देशातल्या वीजनिर्मितीच्या एकूण क्षमतेपैकी निम्मी क्षमता आता कोळसा, वायू आणि डिझेल न जाळता वीज देणारी आहे. सुमारे 485 गिगावॅटपैकी 243 गिगावॅट (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट). 2030 साठी ठरवलेली ही मजल पाच वर्षं आधीच गाठली गेली. तरीही दक्षिण सोलापूर तालुक्यातलं फताटेवाडीचं 1320 मेगावॅटचं औष्णिक केंद्र बंद झालेलं नाही, तिथे कोळशाचे रेक, म्हणजे मालगाड्या, यायचे थांबलेले नाहीत आणि कुणाचं वीजबिलही निम्मं झालेलं नाही. देशात तयार होणाऱ्या दर चार युनिटांपैकी जवळपास तीन युनिटं अजून कोळशाचीच आहेत.

मग ‘निम्मी’ म्हणजे काय? हे कळलं की देशाची ऊर्जा बदलायची म्हणजे काय करायचं, तेही बरंचसं कळतं.

मेगावॅट वेगळं, युनिट वेगळं

मेगावॅट ही ताकद आहे, म्हणजे एखादं केंद्र एका क्षणाला जास्तीत जास्त किती वीज देऊ शकतं याचं माप. युनिट म्हणजे प्रत्यक्ष मिळालेली वीज. एक किलोवॅटचं यंत्र तासभर चाललं की एक युनिट. आपलं बिल येतं ते युनिटांचं आणि बातम्या येतात त्या मेगावॅटच्या, त्यामुळे घोळ होतो.

सौर पॅनेल रात्री शून्य वीज देतं, सकाळ-संध्याकाळी थोडी आणि दुपारी भरपूर. वर्षाची सरासरी काढली तर एक मेगावॅट सौर प्रकल्पातून साधारण 16 ते 17 लाख युनिटं मिळतात. कोळशाचं एक मेगावॅट बरं चाललं तर 60 लाखांच्या आसपास देतं. म्हणून कागदावरचं निम्मं प्रत्यक्षात पाव भरतं.

फताटेवाडीइतकीच वीज वर्षाकाठी उन्हातून काढायची तर साडेचार ते पाच हजार मेगावॅटची पॅनेल लागतील. आकडा मोठा वाटतो, पण तो आता आवाक्याबाहेरचा राहिलेला नाही. डिसेंबर 2020 मध्ये गुजरातच्या एका लिलावात सौर विजेचा दर युनिटला 1 रुपया 99 पैशांपर्यंत खाली आला होता. नव्या कोळसा केंद्राला हा दर परवडूच शकत नाही. ऊन स्वस्त झालं, तो प्रश्न बऱ्यापैकी सुटला. आता अडचण वेळेची आहे. ऊन दुपारी असतं, आणि आपण दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर लावतो संध्याकाळी सातला.

हे गणित सोलापूरकराला येतं

शहरात वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड पाणी सुटत आलं आहे, कधी भल्या पहाटे तर कधी रात्री. अशा घरात काय करतात? आधी गळका नळ बदलतात. धुणं, गोधड्या, चादरी अशी मोठी कामं पाण्याच्या दिवशी उरकतात. टाकी आणि पिंपं भरून ठेवतात. आणि तरी कमी पडलं तर ज्या गल्लीत आज पाणी आलंय तिथल्या नातेवाइकांकडून दोन घागरी आणतात.

सूर्य आणि वाऱ्याच्या विजेवर देश चालवायचा तर हीच चार कामं करावी लागतात, आणि बहुधा याच क्रमाने: गळती थांबवणं, जड काम दिवसा उरकणं, साठवणं आणि दूरच्या भागातून आणणं. आपल्याकडे चर्चा मात्र तिसऱ्या कामापासून, म्हणजे बॅटरीपासून सुरू होते. कुणी पहिल्याच कामाकडे दुर्लक्ष केलं की मला राहवत नाही, म्हणून आधी त्याबद्दल.

आधी गळती

आपल्या घरातला जुना छताचा पंखा 75 वॅटच्या आसपास वीज खातो. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या) मोटारचा नवा पंखा तेवढाच वारा सुमारे 30 वॅटमध्ये देतो. एका पंख्यामागे 45 वॅट वाचले. सोलापुरात फेब्रुवारीच्या शेवटी लागलेला पंखा पावसाळा येईपर्यंत बंद होत नाही. दिवसाला पंधरा तास धरले तरी एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिटं वाचतात. तीन पंखे असले तर साठ.

पण किती वाचली याहून ती कधी वाचली हे जास्त महत्त्वाचं आहे. पंखा रात्रभर चालतो, आणि रात्रीचं युनिट हे सगळ्यात अवघड युनिट आहे. ते एकतर कोळसा जाळून मिळतं नाहीतर बॅटरीतून. देशात एक कोटी पंखे बदलले आणि ते रात्री एकाच वेळी चालू असले, तर 450 मेगावॅटची मागणी कमी होते. तेवढं केंद्र बांधायचं, त्याला कोळसा आणायचा, पाणी द्यायचं, हे सगळं वाचलं. जानेवारी 2015 मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून 36 कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. साठ वॅटच्या पिवळ्या बल्बचं काम नऊ वॅटचा दिवा करू लागला आणि कुणाच्या घरात अंधार झाला नाही. पंख्यांच्या बाबतीत तसा जोर अजून लागलेला नाही. माझ्या मते महाराष्ट्रासारख्या राज्याने सबसिडीचा एक मोठा वाटा इथे लावायला हवा, कारण भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबालाही पंखा बदलता येतो, गच्चीची गरज नाही.

यंत्रमागांवरही हेच. जुनी, दोन-तीनदा रिवाइंड केलेली मोटार दर तासाला थोडी जास्त वीज खाते. एका मागाला ते जाणवत नाही. बारा मागांच्या कारखान्यात बारा तासांच्या पाळीला ते बिलावर दिसतं.

जड काम दिवसा

राज्यात चाळीस लाखांहून अधिक कृषिपंप आहेत. वर्षानुवर्षं त्यांना आठवड्याच्या पाळीने वीज मिळत आली, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की मोहोळचा किंवा माढ्याचा शेतकरी विजेरी हातात घेऊन बांधावर जातो. साप, विंचू, थंडी, ओल्या हाताने लावलेला स्टार्टर, या सगळ्याची किंमत माणसाने मोजली आहे. रात्री पंप चालवण्यामागे शेतीचं काही कारण नव्हतं. दिवसा कारखान्यांना वीज लागायची, म्हणून शेतीला रात्री ढकललं गेलं.

आता परिस्थिती उलटली आहे. दुपारी वीज भरपूर आणि स्वस्त झाली आहे. पिकाला पाणी सकाळी अकराला दिलं काय किंवा दुपारी तीनला दिलं काय, चालतं. त्यामुळे पंप हे दिवसा हलवायला सगळ्यात सोपं काम आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 याच विचारावर उभी आहे. उपकेंद्राजवळ काही मेगावॅटचा सौर प्रकल्प लावायचा, त्यातून शेतीचा फिडर, म्हणजे उपकेंद्रातून शेतीपंपांकडे जाणारी वाहिनी, दिवसा चालवायचा, असे राज्यभर सुमारे 16 हजार मेगावॅट उभारायचे.

शेतात एकट्याने उभा असलेला सौर पंपही आहेच, आणि जिथे लाईन पोचलेली नाही तिथे तो उत्तम. पण जिथे फिडर आहे तिथे मला फिडरचा मार्ग जास्त पटतो. पावसाळ्यात पंप बंद असतो तेव्हा एकट्या पंपाच्या पॅनेलची वीज वाया जाते, फिडरवरची वीज मात्र ग्रिडमध्ये, म्हणजे वीजवाहिन्यांच्या सामाईक जाळ्यात, जाऊन दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येते. दुसरी भीती अशी की वीज फुकट आणि दिवसभर मिळाली की बोअर आटेपर्यंत उपसा होईल. सांगोला, मंगळवेढ्याच्या भागात ही भीती खरी आहे. ठिबक आणि पिकाची निवड यांच्याशी जोडल्याशिवाय नुसती दिवसाची वीज भूजलाला तारणार नाही.

मागवाल्यांसाठी बदल दराच्या रूपाने येतो. केंद्राच्या 2023 च्या नियमांनुसार उन्हाच्या तासांतला वीजदर नेहमीपेक्षा किमान वीस टक्के कमी असावा आणि गर्दीच्या तासांत तो वाढवावा, अशी पद्धत उद्योगांना लागू होते. नवे मीटर वेळ नोंदवतात ते यासाठी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्याला याचा अर्थ असा की रात्रपाळीचा टॉवेल आणि दिवसपाळीचा टॉवेल यांचा वीजखर्च आता सारखा राहणार नाही. सगळंच काम दिवसा आणता येणार नाही. पण बॉबिन भरणं, कपडा धुणं, पाणी तापवणं अशी कामं दिवसा घेता येतात.

गच्चीवर पॅनेल आहे, म्हणजे रात्रीची वीजही माझीच ना?

नाही, आणि हा गैरसमज सगळीकडे आहे. नेट मीटर वीज साठवत नाही, फक्त हिशेब ठेवतो. दुपारी तुमची जास्तीची वीज शेजारच्या घरात, दुकानात वापरली जाते. रात्री तुम्ही जी घेता ती ग्रिडची, म्हणजे बहुतांशी कोळशाची असते. महिनाअखेर वजाबाकी होऊन बिल शून्याजवळ येतं. म्हणजे तुम्ही पाण्याच्या दिवशी शेजाऱ्याला चार घागरी दिल्या आणि कोरड्या दिवशी परत मागितल्या. टाकी तुमच्याकडे नाहीच.

आणखी एक, लाईट गेली की भर दुपारीही साधी सौर यंत्रणा बंद पडते. लोक चिडतात, पण ते मुद्दाम केलेलं असतं. खांबावर वायरमन काम करत असताना तुमच्या गच्चीवरून तारेत वीज गेली तर त्याचा जीव जाईल.

तरीही गच्चीवरचं पॅनेल फायद्याचं आहेच. एक किलोवॅट सोलापुरात दिवसाला सरासरी चार युनिटं देतं आणि त्याला शंभर चौरस फूट जागा पुरते. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला 30 हजार, दोनला 60 हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान मिळतं.

मग साठवायचं कुठे?

साठवणीचे दोन मोठे मार्ग आहेत. पहिला आपल्या राज्यात जुनाच आहे. दुपारी स्वस्त वीज असताना खालच्या धरणातलं पाणी पंपाने वरच्या धरणात चढवायचं आणि संध्याकाळी ते टर्बाइनवर सोडायचं. घाटघरचा 250 मेगावॅटचा प्रकल्प असाच चालतो. तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरलं जातं. सह्याद्रीचा कडा हे महाराष्ट्राचं मोठं भांडवल आहे, फक्त तिथल्या जंगलाची आणि गावांची किंमत मोजूनच ते वापरायला हवं.

दुसरा मार्ग बॅटरीचा. लिथियम बॅटरीची जगातली किंमत 2010 पासून सुमारे नव्वद टक्क्यांनी उतरली आहे. देशात सौर प्रकल्पांचे लिलाव आता बॅटरीसकट होऊ लागले आहेत. संध्याकाळचे दोन ते चार तास बॅटरीने काढणं आज शक्य आहे. सलग चार ढगाळ दिवस बॅटरीवर काढणं मात्र अजून फार महाग आहे.

ढगाळ दिवसाचं काय?

यासाठी चौथं काम, दूरच्या भागातून आणणं. यात सोलापूरचं नाव देशाच्या इतिहासात नोंदलं गेलं आहे, आणि आपल्याकडेच ते फार कुणाला माहीत नसतं. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर–सोलापूर ही 765 किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिण भारताचं वीजजाळं पहिल्यांदा उरलेल्या देशाशी एकजीव झालं. तेव्हापासून गुजरातपासून ईशान्येपर्यंत आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळी वीजनिर्मिती यंत्रं एकाच तालात, सेकंदाला 50 आवर्तनांची वीज देत चालतात.

याचा उपयोग असा की ढग सगळ्या देशावर एकाच वेळी नसतात. पूर्वेकडे अंधार पडतो तेव्हा कच्छमध्ये ऊन असतं. जून ते सप्टेंबरमध्ये ऊन कमी होतं, पण नेमका तेव्हाच साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर वारा जोरात वाहतो. आणि हिवाळ्यात आपल्या जिल्ह्यातले साखर कारखाने, राज्यात सर्वाधिक संख्येने असलेले, उसाचं बगॅस, म्हणजे चोथा, जाळून दिवसरात्र वीज बनवतात. या विजेचं कौतुक करताना एवढं लक्षात ठेवावं की तो ऊस उजनीचं पाणी पिऊन वाढलेला असतो. वीज मिळते म्हणून आणखी ऊस लावणं हा या जिल्ह्याला परवडणारा उपाय नाही.

जाळं मोठं असलं की जबाबदारीही मोठी. निर्मिती आणि मागणी यांचा तोल क्षणोक्षणी सांभाळावा लागतो. 30 आणि 31 जुलै 2012 ला तो ढळला तेव्हा उत्तर आणि पूर्व भारतातले साठ कोटींहून अधिक लोक अंधारात गेले होते.

सोलापूरचं ऊन एवढं कडक, पॅनेलला चांगलंच असेल!

पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. तापमान 25 अंशांच्या वर गेलं की दर अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज कमी होते. मे महिन्यात पॅनेलचा पृष्ठभाग 65 अंशांवर गेला तर बारा ते सोळा टक्के फटका बसतो. शिवाय आपली धूळ. म्हणून पॅनेलखाली वारा खेळायला जागा ठेवावी आणि ते सकाळी लवकर धुवावं. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये.

एवढी जमीन कुठून आणणार?

एका मेगावॅटला चार ते सहा एकर लागतात. फताटेवाडीइतकी वीज काढायला म्हणजे वीस ते तीस हजार एकर. सोलापूर जिल्ह्याचं क्षेत्र सुमारे 37 लाख एकर आहे. म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. आकड्याने पाहिलं तर जमीन पुरते.

पण कोणती जमीन, यावर भांडण आहे आणि ते व्हायलाच हवं. सगळ्यात सोपी नजर जाते ती माळरानावर. झाडं नाहीत, पीक नाही, सरकारी नोंदीत पडीक. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात एकदा पावसाळ्यानंतर जाऊन या. कुसळी गवतात काळवीट असतात, लांडगे असतात, चंडोल असतात, आणि ज्याच्या नावाने ते अभयारण्य आहे तो माळढोक आता तिथे दिसणं जवळजवळ थांबलं आहे. देशात हे पक्षी दीडशेच्या आसपास उरले आहेत. जड पक्षी, समोरचं नीट दिसत नाही, उडताना तारांवर आदळतो. राजस्थान आणि गुजरातमधल्या वीजवाहिन्यांमुळे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2021 मध्ये न्यायालयाने वाहिन्या जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. पुढे 2024 मध्ये तो आदेश सैल करून तज्ज्ञ समिती नेमली गेली. मेंढपाळांचं चराईचं रान हेच, हेही विसरता येत नाही. हवामान वाचवण्यासाठी माळरान संपवणं मला मान्य नाही. त्याआधी कारखान्यांची छपरं, गोदामं, कालव्यांचे काठ आणि चोपण झालेल्या जमिनी आहेत.

जमीन विकत न घेता भाड्याने घेण्याचा मार्गही आहे. कर्नाटकातल्या पावगडा इथे 13 हजार एकरांवर 2,050 मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. दुष्काळी तालुका, आणि जमीन शेतकऱ्यांच्याच नावावर, दरवर्षी भाडं मिळतं. मात्र भूमिहीन मजुराला त्यातलं भाडं मिळत नाही आणि रोजगार जातो. करारात त्याचा विचार आधी व्हायला हवा.

पॅनेल चीनचीच ना?

पॅनेलच्या आतले सेल आणि त्याहून मागचा कच्चा माल यांच्यासाठी आपण अजून बरेच बाहेरच्यांवर अवलंबून आहोत, पॅनेल जोडणी मात्र देशात झपाट्याने वाढली आहे. फरक एवढाच पाहा: पॅनेल एकदा आणलं की पंचवीस वर्षं चालतं. कच्चं तेल आपण गरजेच्या 85 टक्क्यांहून जास्त आयात करतो आणि ते जाळून संपतं, पुन्हा आणावं लागतं.

वीज बदलली म्हणजे झालं?

नाही. देशात वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेत विजेचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपासच आहे. बाकी ट्रकचं डिझेल, गाडीचं पेट्रोल, गॅस, रंगाईच्या बॉयलरमधलं इंधन. रेल्वेने यात मोठी मजल मारली. फेब्रुवारी 2023 मध्ये आपल्याच सोलापूर विभागातल्या औसा रोड–लातूर रोड टप्प्याबरोबर मध्य रेल्वेचं ब्रॉडगेज विद्युतीकरण पूर्ण झालं. पेट्रोलच्या इंजिनात तीन चतुर्थांश ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, विजेच्या मोटारीत फार थोडी. त्यामुळे वाहन विजेवर आलं की मुळात ऊर्जाच कमी लागते. पण ते रात्री कोळशाच्या विजेवर चार्ज केलं तर बराचसा फायदा जातो. कामाच्या ठिकाणी, दुपारी चार्जिंगची सोय हवी.

गच्ची नसलेल्यांनी काय करायचं?

हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. ज्याच्याकडे बंगला आहे तो पॅनेल लावून बिल शून्य करतो. पण तारा, खांब, रोहित्रं यांचा खर्च तसाच राहतो आणि तो उरलेल्यांच्या बिलावर येतो. कुंभारीजवळच्या रे नगरमध्ये विडी कामगार आणि इतर असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची वसाहत उभी राहतेय. जानेवारी 2024 मध्ये पहिली पंधरा हजार घरं देण्यात आली. तिथे छप्पर एक आणि कुटुंबं अनेक. अशा ठिकाणी वसाहतीचा एकच प्रकल्प लावून त्यातली युनिटं प्रत्येकाच्या बिलात वाटून देण्याची पद्धत हवी. तंत्र अवघड नाही, हिशेब मीटरमध्येच होतो. नियम आणि पैसा लावण्याची तयारी हवी.

आणि फताटेवाडीचं?

ते लगेच बंद होणार नाही, होऊ शकणारही नाही. संध्याकाळची मागणी आजच्या घडीला कोळशाशिवाय भागत नाही. त्याचं काम मात्र बदलत जाईल: दुपारी हळू चालायचं, सूर्य मावळताना वेग धरायचा. 2023 च्या नियमांनुसार कोळशाच्या केंद्रांना गरज पडेल तेव्हा 55 टक्क्यांपर्यंत खाली येता आलं पाहिजे.

दुपारी हळू चालण्याने काय वाचतं ते पाहू. पूर्ण क्षमतेने दिवसभर चालवलं तर हे केंद्र तीन कोटींहून अधिक युनिटं देईल आणि त्यासाठी साधारण 19 हजार टन कोळसा, म्हणजे चार-पाच मालगाड्या, लागतील. 2017 नंतरच्या केंद्रांसाठी पाण्याची कमाल मर्यादा युनिटमागे तीन लिटर आहे. त्या हिशेबाने दिवसाला साडेनऊ कोटी लिटरपर्यंत. पॅनेलला धुण्यापुरतंच पाणी लागतं. चार-पाच दिवसांआड पाणी पाहिलेल्या शहराला यातला फरक कळायला वेळ लागणार नाही.

केंद्राचं जाळ्याशी असलेलं नातं तुटता कामा नये. तिथून निघणाऱ्या उच्च दाबाच्या वाहिन्या उभारायला वर्षं आणि कोट्यवधी रुपये लागतात, त्या तयार आहेत. उद्या त्याच आवारात मोठ्या बॅटऱ्या बसवता येतील. माणसांचं काय, हा प्रश्न मात्र आत्ताच हाती घ्यायला हवा. पहिला संच 2017 मध्ये आणि दुसरा 2019 मध्ये सुरू झाला. पंचवीस वर्षं धरली तर 2044 येतं. कायम नोकरीवाल्यांची बदली होईल, पण राखेचे टँकर चालवणारे, कोळसा उतरवणारे, कंत्राटावर वेल्डिंग करणारे आसपासच्या गावांतलेच आहेत आणि त्यांच्यासाठी अजून कुठल्याही योजनेत वेगळी तरतूद माझ्या पाहण्यात नाही. बॅटरी आणि इन्व्हर्टरच्या दुरुस्तीचे वर्ग सोलापूरच्या आयटीआयमध्ये सुरू करायचे तर ते केंद्र चालू असतानाच करावे लागतील.